कल्हई, वज्रलेप आणि दारातली मोटार

जिल्ह्याच्या गावात काय चालले आहे हे समजून घ्यायचे असेल तर तिथल्या रस्त्यावरच्या पाट्या वाचाव्यात. बीडच्या रस्त्यांवर पूर्वी पंक्चर, वेल्डिंग, डेंटिंग-पेंटिंग आणि ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या पाट्या असत. मग मोबाइल दुरुस्तीच्या आल्या, त्यापाठोपाठ थंड पाण्याच्या जारच्या. आता त्यांत एका नव्या शब्दाची भर पडली आहे. तो पाट्यांवर दिसतो आणि मोटार विकणाऱ्या पोरांच्या तोंडी तर सतत असतो. तो शब्द म्हणजे 'सिरॅमिक कोटिंग'.

हा विषय श्रीमंतांच्या हौसेचा आहे असे समजून रविवारच्या वाचकाने पान उलटू नये. आपल्याकडे मोटार घेणारा माणूस बहुधा कर्ज काढून घेतो. तो शिक्षक असतो, महामंडळातून निवृत्त झालेला असतो, ऊसतोडीच्या टोळ्यांचा मुकादम असतो, नाहीतर अंबाजोगाई ते परळी जीप चालवून घर चालवणारा असतो. गाडीची किंमत, विमा, नोंदणी हे सारे जुळवून तो सही करायला बसतो आणि नेमक्या त्या क्षणी समोरचा तरुण म्हणतो, "सर, कोटिंग टाकून देऊ ना? फक्त पंचवीस हजार. पाच वर्षं गाडीकडे बघायचं काम नाही." बायको नवऱ्याकडे पाहते, नवरा गाडीकडे पाहतो. गाडी झगझगीत दिव्यांखाली उभी असते. माणूस हो म्हणून जातो.

माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. कोटिंग ही फसवणूक नव्हे. तो रसायनशास्त्राचा खरा आणि उपयोगी शोध आहे. पण 'बघायचं काम नाही' हे जे वाक्य त्याच्याबरोबर विकले जाते, ते खोटे आहे. बीडसारख्या धुळीच्या आणि पाणीटंचाईच्या मुलखात तर ते महागात पडणारे आहे.

आधी हा लेप म्हणजे काय ते पाहू. सिरॅमिक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लोणच्याची चिनी मातीची बरणी येते. गाडीवर तशी काही भट्टीतली माती चढवत नाहीत. बाटलीत असते ते सिलिकॉनच्या संयुगांचे पातळ द्रावण. ते कापडाने पुसून लावले की त्यातले द्रावक उडून जाते, उरलेल्या संयुगांची हवेतल्या ओलाव्याशी प्रक्रिया होते आणि वाळूच्या जातीचे, काचेसारखे एक अतिशय पातळ जाळे रंगाला चिकटून बसते. अतिशय पातळ म्हणजे किती? एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर एका भागाला मायक्रॉन म्हणतात. कारखान्यातून आलेल्या मोटारीचा सगळा रंग, अस्तरापासून वरच्या पारदर्शक थरापर्यंत, साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉनचा असतो. त्यातला वरचा पारदर्शक थर चाळीस-पन्नास मायक्रॉनचा. आणि पंचवीस हजारांचा हा लेप बहुधा एक-दोन मायक्रॉनचा, फार तर थोडा अधिक. डोक्यावरचा केसही त्याहून कितीतरी पटींनी जाड असतो.

पातळ आहे म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही. त्याचे पहिले काम पाणी झटकण्याचे. अळवाच्या पानावर पाण्याचे मोती होतात, तसे ते या लेपावरही होतात. अर्थात अळू आणि कमळ यांची पाने त्याहून पुष्कळ सरस. त्यांच्या पृष्ठभागावर मेणाचे सूक्ष्म उंचवटे असतात, त्यामुळे थेंब टेकतच नाही, घरंगळतो आणि जाताना धूळही नेतो. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलोट यांनी १९९७ मध्ये कमळाच्या पानाचे हे गुपित सविस्तर मांडले. गाडीवरचा लेप गुळगुळीत असतो. त्यावर मोती होतात, पण सगळेच घरंगळत नाहीत. लेपाचे दुसरे काम असे की, पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक, डांबराचे शिंतोडे यांना तो थोडा वेळ थोपवतो. तिसरे काम म्हणजे, गडद रंगाला तो खोली आणि तकाकी देतो. ही तिन्ही कामे खरी आहेत.

खोट्याची सुरुवात होते ती '९ एच' या अक्षरांपासून. "हिऱ्याचा दहा नंबर, आमचा नऊ," असे मी माझ्या कानांनी ऐकले आहे. हिऱ्याचा दहा हा आकडा फ्रेडरिक मोह्स यांच्या १८१२च्या खनिजांच्या मोजपट्टीतला. त्या पट्टीवर नऊ म्हणजे माणिक आणि नीलम. कोटिंगच्या बाटलीवरचा ९ एच मात्र पेन्सिलीच्या मोजपट्टीतला असतो. चित्रकलेच्या तासाला आपण बी, एचबी, एच अशा मऊ-कडक पेन्सिली वापरल्या, त्याच त्या. रंगाच्या थरावर ठरावीक वजनाखाली पंचेचाळीस अंशांत पेन्सिल ओढायची आणि ओरखडा उठतो का ते पाहायचे. ९ एच पेन्सिलीने ओरखडा उठला नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. माणकाशी त्याचा काडीचा संबंध नाही. मांजरसुंब्याच्या घाटात पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा पेन्सिलीची परीक्षा देऊन येत नसतो. तो बॉनेटवर बसला की रंगाचा टवका जाणार, लेप असो वा नसो. खड्यापासून थोडेफार वाचवते ती पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म. ती दीडशे-दोनशे मायक्रॉन जाड असते आणि तिची किंमतही त्याच मानाने जाड असते.

लेपाबद्दल वाढवून बोलणे ही आजची रीत नव्हे, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त वज्रलेपाची कृती दिली आहे. कच्ची टेंभुर्णी, कच्चे कवठ, सावरीची फुले, साळईच्या बिया, वेखंड वगैरे पाण्यात उकळून आठवा हिस्सा उरवायचा. त्यात राळ, गुग्गुळ, बिब्बा, जवस, बेल यांची भर घालायची आणि तो लेप गरम असतानाच देवळे, वाडे, मूर्ती, भिंती, विहिरी यांना द्यायचा. तो किती टिकेल? ग्रंथकर्ते म्हणतात, एक कोटी वर्षे! पाच वर्षांची हमी देणारा आपला विक्रेता त्या मानाने फारच विनयशील म्हटला पाहिजे.

अनुभव काय सांगतो? कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीला विसाव्या शतकाच्या मध्यावर वज्रलेप झाला होता, तरी २०१५ मध्ये पुरातत्त्व खात्याला पुन्हा रासायनिक संवर्धन करावे लागले. पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीवर तर असा लेप अनेकदा द्यावा लागला आहे, अलीकडे २०२० मध्ये. जिथे रोज हजारो हात लागतात आणि पूजाअर्चा चालते, तिथे लेप झिजणारच. म्हणून लेपाबरोबर स्पर्श आणि अभिषेक यांना मर्यादा घालण्याचा विचारही करावा लागतो. देवाच्या मूर्तीला जो नियम, तोच उन्हात उभ्या असलेल्या मोटारीला.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. बीडमध्ये रंगाचे शत्रू कोण? पहिला आरोप आपण उन्हावर करतो आणि तो निराधार नाही. मागच्या काचेशेजारचे जुने स्टिकर खरवडून काढले की खालचा रंग ताजा दिसतो आणि भोवतालचा फिका, हे सर्वांनी पाहिलेले आहे. लाल मारुती उन्हात उभ्या राहून गुलाबी झालेल्याही आपण पाहिल्या. पण तो जमाना एकेरी रंगाचा होता. आता रंगावर जो पारदर्शक थर असतो त्यातच ऊन शोषणारी द्रव्ये घातलेली असतात. ऊन आजही रंग खाते, पण पूर्वीइतक्या भराभर नाही.

बीडमध्ये चाळीस वर्षे गाड्या रंगवणारे एक चाचा माझ्या ओळखीचे आहेत. उजेडात तिरपे करून गाडीचे दार पाहायची त्यांची सवय आहे. ते म्हणतात, "सर, आपल्याकडं रंग उन्हानं कमी मरतो अन् फडक्यानं जास्त मरतो." या एका वाक्यात पंचवीस हजारांचे शहाणपण आहे. आपल्या जिल्ह्यातली धूळ म्हणजे नुसती माती नव्हे. तीत काळ्या कातळाची, म्हणजे बेसाल्टची भुकटी असते. खडी क्रशरवरून ती उडते, अर्धवट रस्त्यांच्या मुरमातून उडते. परळीकडे औष्णिक केंद्राच्या राखेची तीत भर, तर साखर कारखान्यांच्या आसपास हंगामात बगॅसची काजळी. बेसाल्टमधली खनिजे मोटारीच्या वरच्या थरापेक्षा कठीण असतात, कारण तो थर शेवटी एक प्रकारचे प्लास्टिकच आहे. सकाळी उठून आपण काय करतो? डिकीतला तोच तो फडका काढतो, झटकतो आणि कोरड्या गाडीवर गोल गोल फिरवतो. म्हणजे पॉलिश पेपरच झाला की! सहा महिन्यांनी ऊन तिरपे पडले की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसू लागतात आणि आपण म्हणतो, "कंपनीने रंग हलका दिला."

काही जुने चालक फडक्याला डिझेल लावतात. तासभर गाडी चमकते, मग त्या तेलकटपणावर दुप्पट धूळ बसते. काही जण धुळकट गाडीवर कापडी आच्छादन घालतात. ते वाऱ्याने हलते आणि रात्रभर धूळ घासत राहते. यांतल्या एकाही सवयीवर एक-दोन मायक्रॉनचा लेप हा उपाय नाही. लेप आहे म्हणून निर्धास्त होऊन कोरडा फडका मारणारा माणूस आधी लेप घासून काढतो आणि मग रंग.

दुसरा शत्रू म्हणजे आपले पाणी. बोअरचे पाणी कातळातून येते, क्षार घेऊन येते. हंड्याच्या तळाशी आणि गिझरच्या कॉइलवर जी पांढरी खपली धरते, तीच गाडीवर थेंबाथेंबाने बसते. इथे लेपाची एक गंमत आहे, जी विक्रेता सांगत नाही. लेपावर पाण्याचे मोती होतात. दुपारी बाराच्या उन्हात बोअरच्या पाण्याने गाडी धुतली आणि पुसली नाही, तर प्रत्येक मोती जागच्या जागी वाळतो आणि आपले सगळे क्षार एका गोल डागात सोडून जातो. म्हणजे ज्या गुणासाठी पैसे मोजले, तोच गुण आळशी माणसाच्या गाडीवर ठिपके काढतो. सावलीत धुवावे आणि लगेच मऊ कापडाने टिपून घ्यावे, एवढाच त्यावर इलाज.

पाण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो, कोटिंगच्या बाजूने सर्वांत वजनदार मुद्दाही पाण्याचाच आहे आणि त्याची जाहिरात मात्र कोणी करत नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा जिल्हा. २०१३ मध्ये पाणी नाही म्हणून परळीचे औष्णिक केंद्र बंद ठेवावे लागले. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा मुलखात पाइप सोडून गाडी धुणे म्हणजे काय, याचा हिशेब करून पाहावा. मिनिटाला दहा लिटर धरले तरी पंधरा मिनिटांत दीडशे लिटर जातात. टँकरच्या गावात माणशी वीस लिटरांचा हिशेब असतो. म्हणजे एक मोटार सात-आठ माणसांचे दिवसाचे पाणी पिऊन स्वच्छ होते. लेप दिलेल्या गाडीला चिखल आणि धूळ कमी चिकटते, त्यामुळे ती दोन बादल्यांत नीट निघते. एका बादलीत साबणाचे पाणी, दुसरीत फडके खळबळायला साधे. कोटिंग घेणाऱ्याने पाइप कायमचा गुंडाळून ठेवला, तर त्याने गावावर उपकार केले असे मी म्हणेन. पण लेप घ्यायचा आणि तकाकी पाहायला दर रविवारी पाइपही सोडायचा, हे आपल्या जिल्ह्यात शोभत नाही.

आणि पैशाचे काय? चांगला लेप नीट वापरला तर दोन-तीन वर्षे, काही अधिक, काम देतो. विक्रेता पंचवीस हजार रोख मागत नाही, तो ते गाडीच्या कर्जातच बसवून देतो, म्हणून ते जाणवत नाहीत. साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांचे कर्ज असेल तर त्या पंचवीस हजारांचे सुमारे चौतीस हजार होतात. लेप तिसऱ्या-चौथ्या वर्षी निघून गेलेला असतो आणि हप्ता सातव्या वर्षापर्यंत चालू असतो. शिवाय पाच वर्षांच्या हमीच्या कागदावर बारीक अक्षरांत अटी असतात. दरवर्षी गाडी तपासणीला आणायची, त्यांचाच साबण वापरायचा, एक तपासणी चुकली तर हमी संपली. माझ्या शेजारच्या एका शिक्षकांना तपासणीसाठी शंभराहून अधिक किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरला यावे लागेल असे सांगण्यात आले. जाण्यायेण्याचे इंधन आणि एक रजा! त्यांनी दुसऱ्या वर्षी जाणे सोडले आणि हमीही गेली.

या सगळ्यावरून मला आठवते ती कल्हई. आमच्या पिढीच्या घरांत पितळेची पातेली होती. आतून कथलाचा पातळ थर दिल्याखेरीज त्यांत आमटी-ताक ठेवता येत नसे, कळकत असे. कल्हईवाला यायचा, जमिनीत खड्डा करून भाता लावायचा, तापलेल्या भांड्यात नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघायचा आणि कथलाचा एक फिरता हात मारला की भांडे आतून चांदीसारखे व्हायचे. पण घरातल्या कोणाही बाईने ती कल्हई जन्मभर पुरेल असे मानले नाही. कल्हईच्या भांड्याला वाळूने घासू नको, राखेने हलक्या हाताने घास, असे सासू सुनेला सांगत असे. काही महिन्यांनी कल्हई उडाली की पुन्हा कल्हईवाल्याची वाट पाहायची. थर पातळ आहे, तो जपायचा असतो आणि पुन्हा द्यायचा असतो, हे ज्ञान आपल्या घरात होते. मोटारीच्या बाबतीत तेच आपण विसरलो, कारण आपल्याला ते 'एकदा करा आणि विसरा' म्हणून विकले गेले.

मग कोणी घ्यावे आणि कोणी घेऊ नये? गाडी गडद रंगाची आहे, नवी आहे, सात-आठ वर्षे ठेवायची आहे, अंगणात उघड्यावरच उभी राहणार आहे आणि धुण्याचे काम आपल्या किंवा घरातल्या विश्वासू हाताने होणार आहे, अशा माणसाने जरूर घ्यावे. मात्र कर्जात घालू नये, रोखीने घ्यावे. पांढरी गाडी आहे, शेताच्या बांधावर जाते, उसाच्या पाचटातून आणि बाभळीच्या फांद्यांतून घासत येते, त्याने त्याच पैशात दारापुढे पत्र्याच्या शेडचे काम सुरू करावे. सावलीइतका उत्तम लेप अजून कोणी बाटलीत भरलेला नाही. ज्याला दोन्ही परवडत नाही त्याने मेणाच्या पॉलिशचा डबा आणावा. काहीशे रुपयांत वर्ष निघते. दर तीन महिन्यांनी तासभर हात चालवावा लागतो, इतकेच.

घ्यायचेच ठरले तर काही प्रश्न अवश्य विचारावेत. लेप देण्याआधी रंग किती घासणार? कारण जुने ओरखडे काढण्यासाठी जे पॉलिश करतात त्यात वरचा पारदर्शक थरच कमी होतो आणि तो परत येत नाही. रंगाची जाडी मोजायचे यंत्र दुकानात आहे का? काम बंद, धूळमुक्त खोलीत होणार की रस्त्याकडेच्या शेडमध्ये? ओल्या रंगासारखाच ताजा लेपही धूळ पकडतो. गाडी किती तास कोरडी ठेवायची आणि किती दिवस धुवायची नाही? या प्रश्नांना नीट उत्तरे देणारा कारागीर भेटला तर त्याचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. आणि त्याच्याकडची पोरे बंद खोलीत द्रावकाच्या वासात तोंडाला काही न बांधता काम करत असतील, तर त्याबद्दलही एक शब्द जरूर टाकावा. आपल्या गाडीच्या तकाकीपायी कोणाचे फुप्फुस खर्ची पडू नये.

घरातल्या मुलांनाही या कामात घ्यावे, असे मी सुचवीन. सुटीच्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, दोन बादल्या घेऊन बसावे. आधी साध्या पाण्याने धूळ भिजवून खाली जाऊ द्यावी, मग वरून खाली फडका न्यावा, फडका जमिनीवर पडला तर तो पुन्हा वापरू नये. चिमणी-कावळ्यांची घाण दिसली की ती त्याच दिवशी ओल्या कापडाने भिजवून उचलावी, खरवडू नये. एवढी निगा ज्या घरात होते तिथे लेप दीर्घकाळ टिकतो. आणि ज्या घरात होत नाही तिथे कितीही महागडा लेप द्या, वर्षाच्या आत तो फडक्याबरोबर निघून जातो.

दसऱ्याला आपण गाडीची पूजा करतो, बॉनेटवर हळदीकुंकवाचे स्वस्तिक काढतो आणि ते दिवाळीपर्यंत तसेच उन्हात ठेवतो. त्याचा पिवळट-लाल डाग पुढे वर्षभर निघत नाही. येत्या दसऱ्याला कुंकवाचे बोट काचेला लावा, रंगाला नको, आणि दुसऱ्या दिवशी ओल्या कापडाने टिपून घ्या. एवढे ध्यानात ठेवणाऱ्याच्या गाडीला लेप असला काय अन् नसला काय, तिचे फारसे बिघडत नाही.